जिवंत माणसाचा बोर्ड

आमच्या सरांना 'छान' या शब्दाचा राग होता. कुणी शेजाऱ्याच्या कामाला छान म्हटलं की सर खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "छान म्हणजे तू दार लावून घेतलंस. आता बाहेर उभा आहे त्याने काय करायचं?" मग छान म्हणणाऱ्यालाच एक करेक्शन सांगावं लागायचं. ते बरोबर नसलं तरी सरांची हरकत नसे, पण सांगितल्याशिवाय सुटका नव्हती.

उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये, जीन्सची बटणं आणि चेन विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर आमचा ग्राफिक डिझाइनचा क्लास होता. खाली दिवसभर पोत्यातून बटणं ओतल्याचा आवाज यायचा आणि वर सर अक्षरांमधल्या मोकळ्या जागेबद्दल बोलत असायचे. माणूस पन्नाशीचा, लग्न न केलेला, अंबरनाथला शिवमंदिराजवळ म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर लटकून यायचे आणि वाटेतला प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचायचे. दात काढणारे डॉक्टर, साडी सेल, नगरसेवकाचा वाढदिवस, सगळं एका सुरात. मागचे प्रवासी घाबरून एकमेकांकडे बघायचे. मी दोनदा त्यांच्यासोबत त्या रिक्षात होते आणि दोन्ही वेळा त्यांना ओळख दिली नाही.

करेक्शन हा त्यांचा श्वास होता. चहावाल्याला ते रोज एक करेक्शन द्यायचे, आज आलं कमी, आज कप ओला. त्या बिचाऱ्याने एकदा वैतागून म्हटलं, "सर, आप बोलते बहुत हो. चाय ठंडी आपकी वजह से होती है." सर इतके खूश झाले, की आम्हाला सगळ्यांना खाली बोलावून त्यांनी त्याला ते वाक्य परत म्हणायला लावलं. क्लास सुटताना ते स्वतःबद्दलही करेक्शन मागायचे आणि मिळेपर्यंत दारात उभे राहायचे. एकदा मी घाईत म्हटलं, "सर, तुम्ही मागच्या बाकाकडे बघतच नाही." दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर ते फक्त मागच्या बाकाकडे बघून शिकवत होते. पुढे बसणाऱ्यांनी मला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील ते त्यांनाच ठाऊक.

आता एवढ्या वर्षांनी कळतं, की हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता. जगात आपल्याला कुणी खरं सांगत नाही, याची त्या माणसाला मनापासून भीती वाटत होती.

शेवटच्या सहामाहीत फायनल प्रोजेक्ट असायचा. तो पास झाला तर सर्टिफिकेट. दुसऱ्या क्लासमधल्या मैत्रिणी काल्पनिक कॉफी शॉपचे लोगो आणि काल्पनिक शाम्पूच्या बाटल्या करत होत्या, आम्हीही मनात कप आणि बाटल्या रंगवून ठेवल्या होत्या. सर आले, फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "श्रद्धांजलीचा बोर्ड. नाक्यावर लागतो तसा. पण माणूस जिवंत पाहिजे, ओळखीचा पाहिजे, धडधाकट पाहिजे. त्याला दाखवायचा, त्याची करेक्शनं घ्यायची. शेवटचा बोर्ड फ्लेक्सवर छापून त्याच्या घरी न्यायचा. मी तिथे येऊन बघणार."

मग कॅम्प तीनचा एक सिंधी मुलगा, आमच्यातला सगळ्यात धीट, हळूच म्हणाला, "सर, घरवाले मारेंगे."

"किधर मारेंगे ते लिहून आण. तेही करेक्शनच."

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या गावांत सगळ्यात जास्त छापला जाणारा बोर्ड हाच, आणि सगळ्यात वाईटही हाच. सगळीकडे तोच दिवा, तेच ढग, त्याच गुलाबाच्या पाकळ्या आणि मधे पासपोर्टचा घाबरलेला फोटो. "का ते माहितेय?" सर म्हणाले. "या एकाच कामात क्लायंट करेक्शन सांगायला येत नाही." म्हणून नियम असे: दिवा नाही, ढग नाहीत, पाकळ्या नाहीत. जन्माची तारीख घालायची आणि मृत्यूच्या तारखेची जागा मोकळी सोडायची. "ती क्लायंट नंतर कळवेल," असं ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले आणि आम्ही हसलो.

पुढचे दोन महिने आमच्या घरोघरी जे झालं ते सांगायला बसले तर संपणार नाही. शहाडच्या एका मित्राने शेजारच्या निवृत्त कामगाराला बोर्ड दाखवला, तर त्या गृहस्थाने त्याला जिन्यापर्यंत चप्पल घेऊन पळवला आणि संध्याकाळी निरोप पाठवला, की फोटो टोपीतला घे. सिंधी मित्राची आजी मात्र अशी रंगली, की तिने रोज नवी करेक्शनं काढली. "पुट, बेटा, पीछे आसमान मत डाल. मैं किधर उडके जा रही हूँ? पीछे मेरा किचन डाल." शेवटी तो बोर्ड तिने स्वतःच्या पलंगासमोर लावून घेतला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायला लागली.

मी बाबांना निवडलं. खरं कारण असं, की बाबा चिडत नसत. ते काहीच करत नसत. आम्ही बदलापूर गावातले जुने शेतकरी. शेत गेलं तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. कामावरून आले की पाय धुवायचे, बातम्या लावायचे आणि त्यांच्याकडे न बघता गप्प बसायचे.

हे असं नेहमीचं नव्हतं. मी सातवीत असताना आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले. बाबा तेव्हा कंपनीच्या कामाला गुजरातेत होते. निरोप मिळाल्याबरोबर निघाले, पण पोचले तेव्हा स्मशानात राख उरली होती. गावातली चार मोठी माणसं म्हणाली, उन्हाळा आहे, ठेवता येत नाही, आणि मोठ्या काकांनी अग्नी दिला. मोठे काका म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. "माझ्यासाठी थांबला नाहीत," एवढंच बाबा त्या दिवशी म्हणाले आणि त्यानंतर काकांशी बोलले नाहीत. आमची घरं एकाच आळीत, मधे फक्त एक चिंचेचं झाड. काकांच्या घरातली फोडणी आमच्या घरात यायची, पण माणूस येत नव्हता. मला त्या घरात लहानपणी जेवून झोपलेलं आठवतं. मला ते घर हवं होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाबांचा हसरा फोटो शोधायला गेले तर एकच सापडला. शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत काढलेला, मागे रंगवलेलं तळं आणि हंस. दोघं भाऊ चौकड्यांचे शर्ट घालून उभे. काकांचा हात बाबांच्या खांद्यावर, करंगळी कबड्डीत मोडून वाकडी झालेली. मी काकांना कापलं. हात उरला, तो शर्टाच्या चौकड्या वर ओढून इतक्या सफाईने पुसला, की माझी मीच खूश. बोर्ड तयार झाला. बाबांनी लॅपटॉपकडे नजर टाकली आणि म्हणाले, "छान आहे." आई मात्र तेवढ्यात मीठमोहऱ्या घेऊन आली आणि बाबांची दृष्ट काढून गेली. पुढे प्रत्येक वेळी बोर्ड उघडला की ती दृष्ट काढायची. मला वाटतं त्या घरात माझं काम मनापासून पाहणारी तेव्हा ती एकटीच होती.

सरांनी बोर्ड पाहिला. मग खुर्ची पुढे ओढून खांद्याजवळ बोट ठेवलं.

"शर्टाला इथे सुरकुती आहे. ती पाडणारं कुणी दिसत नाही."

मी लॅपटॉप मिटायला लागले.

"क्लायंटचं करेक्शन काय?"

"काही नाही सर. छान म्हणाले."

"मग त्यांनी बघितलेलं नाही. जा. बघतील तेव्हा ये."

मी चिडले. अंबरनाथच्या एका पॅकेजिंग कंपनीने मला घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त सर्टिफिकेट आणून द्यायचं होतं, आणि इथे हा माणूस शर्टाच्या सुरकुतीवर अडून बसला होता. मी म्हटलं, सर, आमच्या घरात बोलत नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच तर विचारून ये." असला राग आला, की जिना उतरताना बटणवाल्याच्या पोत्याला लाथ मारावीशी वाटली.

दोन रविवार मी लॅपटॉप बाबांसमोर उघडून बसले आणि दोन्ही रविवारी बाबा बातम्या बघत राहिले. तिसऱ्या रविवारी वीज गेली. टीव्ही बंद. लॅपटॉप तेवढा चालू. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, चष्मा लावला आणि स्वतःचा श्रद्धांजलीचा बोर्ड पहिल्यांदा वाचला. वाचायला फारसं काही नव्हतं, तरी त्यांना खूप वेळ लागला.

"फिटर नको लिहू," ते म्हणाले. "शेतकरी लिही. शेत होतं तवा मी चांगला होतो."

मी लिहिलं.

"आणि दादाचा हात परत लाव."

दादा हा शब्द आमच्या घरात इतक्या वर्षांनी आला, की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. मी हळूच विचारलं, "नुसता हात? काका पण घेऊ का?"

"नाय. हात राहू दे. तो होता खांद्यावर, तर कशाला काढायचा."

मूळ फोटोतून मी तो हात परत आणला, वाकड्या करंगळीसकट. खांद्यामागून आलेला, मनगटाशी संपणारा हात. डिझाइन म्हणून ते चमत्कारिक दिसत होतं. सरांनी पाहिलं आणि फक्त म्हणाले, "छापायला दे. रविवारी सकाळी येतो."

उल्हासनगरच्या ज्या फ्लेक्सवाल्याकडे आम्ही सगळे छापायचो त्याला मी फाईल पाठवली. प्रोजेक्टचं आहे, रविवारी सकाळी पाहिजे, असं सांगून ठेवलं. पण त्या दुकानात फोन घेणारा वेगळा आणि मशीनवर बसणारा वेगळा. मशीनवरच्या माणसाने स्क्रीनवर श्रद्धांजली पाहिली, खाली बदलापूर गाव पाहिलं, आणि घरात मयत झालेलं असताना पोरगी कुठे बोर्ड बांधत फिरणार, असा माणुसकीचा विचार केला. आमच्या नाक्यावर त्याची माणसं नेहमीच बोर्ड बांधायची. रविवारी उजाडायच्या सुमाराला त्यांनी माझा प्रोजेक्ट नगरसेवकाच्या वाढदिवसाशेजारी ताणून बांधला.

आम्हाला काहीच माहीत नव्हतं. सर सकाळी लवकर आले. स्टेशनकडून येताना त्यांची रिक्षा नाक्यावरून न येता मागच्या रस्त्याने थेट आळीत आली, नाहीतर तो बोर्ड त्यांनी मोठ्याने वाचलाच असता. ओसरीत बसले, चहा घेतला. बाबा बनियनवर दात घासत मोरीपाशी उभे होते. मी फ्लेक्सवाल्याला फोन लावत होते आणि तो उचलत नव्हता.

पहिल्यांदा पलीकडच्या आळीतले दोघं आले, पांढऱ्या टोप्या घालून. त्यांनी सरांना नमस्कार केला, त्यांना वाटलं हे आधी पोचलेले पाहुणे. त्यांच्या मागून एकजण हार घेऊन. मग बायका, तोंडाला पदर लावून. एकीने आईला मिठी मारून हुंदका दिला, आणि आईला काही कळेना म्हणून तीही रडायला लागली. तेवढ्यात तोंडाला फेस लागलेले बाबा ब्रश हातात घेऊन ओसरीत आले आणि म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

हारवाला हार पाठीमागे लपवत म्हणाला, नाक्यावर तुमचा बोर्ड लागलाय. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं. एकेकाला बोर्डाची हकीकत सांगताना माझी जीभ वळत नव्हती. लोकांना हसावं की मला झोडपावं ते समजत नव्हतं. सरच उठून अंगणात गेले आणि आलेल्यांना हात जोडून म्हणाले, "अजून वेळ आहे. आज चहा घेऊन जा."

मग मोठे काका आले. चिंचेच्या झाडाखालून, एका हातात दुधाची पिशवी, पायात चपला नाहीत. त्यांना पाहून लोक आपोआप बाजूला झाले. ते पायरी चढून आत आले आणि बाबा समोर उभे दिसल्यावर थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"जिवंत हाय," बाबा म्हणाले. "पोरीच्या शाळेचं कायतरी हाय."

काकांनी मान हलवली. पण ते ऐकत नव्हते, ते बाबांच्या खांद्याकडे बघत होते.

"माझा हात ठेवलास," ते म्हणाले.

"ठेवला."

"बोर्डावर तारीख नव्हती." काकांनी पिशवी खाली ठेवली. "सगळं लिवलंय आणि तारीखच नाय. मी म्हटलं, अजून नेला नसंल. कुणासाठी तरी थांबलेत."

बाबांच्या हातात अजून ब्रश होता. त्यांनी हनुवटीवरचा फेस पालथ्या हाताने पुसला.

"थांबलोच होतो, दादा," ते म्हणाले.

आईने काकांना पाट दिला. ते बसले. मी बाहेर आले, कारण आत उभं राहणं मला जमेना. सर अंगणात लोकांना वाटेला लावत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत डोकावले नाहीत, आणि रिक्षा शोधायला निघून गेले. माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. नंतर मीच नाक्यावर जाऊन बोर्ड सोडवून आणला. शेजारचा नगरसेवक माझ्याकडे बघून हसत होता.

घरी आले तेव्हा दोघं मागच्या ओट्यावर बसले होते. बाबा विचारत होते आणि काका सांगत होते. आबांचा शेवटचा दिवस, जो बाबांनी इतकी वर्षं कुणालाच विचारला नव्हता. सकाळी पेज घेतली का, कुठल्या कुशीवर होते, बोलत होते का.

"बोलत व्हता की. दुपारपर्यंत बोलत व्हता."

"काय?"

"काय नाय रे. चहा मागितला. मग सारखा एकच, धाकटा निघाला का, धाकटा निघाला का."

बाबांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, नुसते शेजारी बसून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि आई म्हणाली, रड, पण चहाकडे बघ, उतू जाईल.

सोमवारी मी सरांना हे सगळं सांगितलं. खाली बटणं ओतत होते, त्यामुळे मला मोठ्याने सांगावं लागत होतं, आणि असल्या गोष्टी मोठ्याने सांगवत नाहीत. संपल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून माझं सर्टिफिकेट काढलं. सही आधीच झालेली होती.

"पण सर, तुम्ही छापलेला बोर्ड पाहिलाच नाहीत."

"ज्याने वाचायचा तो वाचून आला. आता मी काय बघायचं राहिलंय?"

मी म्हटलं, सर, ती तारीख मोकळी सोडायची तुमची आयडिया नसती तर काका आलेच असते, पण वेगळे आले असते. किती विचार करून तुम्ही तो नियम केला असेल.

सर बराच वेळ टेबलावरच्या फुटपट्टीशी चाळा करत राहिले.

"विचार कसला," ते म्हणाले. "हा प्रोजेक्ट मी पहिल्यांदा स्वतः केला होता. आईचा. तिने सगळी करेक्शनं दिली, फोटो बदलला, साडीचा रंग सांगितला. मग तारखेपाशी आलो. नुसती खोटी तारीख टाकायची होती, नमुना म्हणून. माझा हात चालेना. म्हणून जागा सोडली. पुढे तुम्ही कुणी विचारलंत तर सांगायला लाज वाटली असती, म्हणून नियमच करून टाकला."

त्यांनी घड्याळात बघितलं. क्लास सुटायला अजून तास होता. ते उठले, दिवे बंद केले, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुणाकडेच करेक्शन न मागता आईकडे घरी गेले.